मोजणे आणि ऐकणे : गडचिरोलीच्या आरोग्यलेखनातील आई आणि नवजात बालक

प्रस्तावना :

मराठी साहित्यात आईला फार मोठे स्थान आहे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकापासून पुढे आई म्हणजे संस्कार, त्याग आणि वात्सल्य हे समीकरण पक्के झालेले दिसते. मात्र या साहित्यातील आई बहुधा जाणत्या मुलाची आई असते. गरोदरपण, बाळंतवेणा, पान्हा, बाजेवरचे पहिले दिवस आणि त्या दिवसांत दगावलेले मूल हे विषय बायकांच्या ओव्यांत आणि आपसांतील बोलण्यात राहिले. छापील साहित्याने ते बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनाने तो उंबरा ओलांडला. कोवळ्या वयातील बाळंतपण, अडलेल्या बाईचे हाल आणि बाळंतिणीची भूक यांचे त्यातील चित्रण वाचताना आईपणाभोवतीचे मखर गळून पडते आणि तिचे शरीर समोर येते.

या वाटेवरचे पुढचे महत्त्वाचे लेखन साहित्याच्या रूढ चौकटीबाहेरून आले. गडचिरोली जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून कार्य करणाऱ्या डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून जे मराठी लेखन निर्माण झाले, त्याची दखल प्रामुख्याने आरोग्यशास्त्रात व समाजकार्यात घेतली गेली. 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंवरील अहवाल, डॉ. राणी बंग यांची 'कानोसा' व 'गोईण' ही पुस्तके आणि डॉ. अभय बंग यांनी लेखांतून व व्याख्यानांतून मांडलेले प्रसंग यांकडे मराठी गद्य म्हणून पाहिले तर एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. मूल दगावते तेव्हा हे लेखन त्याच्या आईला कोणत्या जागी उभे करते? आरोपीच्या, साक्षीदाराच्या की जाणकाराच्या? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे सदर लेखनाचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत. हे वाचन कोरपना परिसर समोर ठेवून केलेले आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या या सीमावर्ती तालुक्याला गडचिरोलीचा अनुभव जवळचा आहे. पण तो जसाच्या तसा लागू पडणारा नाही.

'कोवळी पानगळ' : रूपक आणि आकडा

'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या क्षेत्रातील जन्म व बालमृत्यू यांची नोंद केली आणि शासकीय नोंदींत प्रत्यक्षापेक्षा फारच कमी मृत्यू दिसतात, हे निदर्शनास आणून दिले. बालमृत्यू म्हटले की मेळघाट हे नाव घ्यायचे आणि प्रश्न एका डोंगराळ भागापुरता आहे असे मानायचे, ही १९९० च्या दशकातील सवय या अहवालाने मोडली. आदिवासी भागाबरोबरच बिगर-आदिवासी ग्रामीण भागात आणि शहरी झोपडपट्ट्यांतही मुले मरत आहेत, हे त्यात आकड्यांनी दाखविले गेले. पुढे राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, यावरून या लेखनाचा परिणाम लक्षात येतो.

अहवालांची शीर्षके सहसा कोरडी असतात. येथे मात्र शीर्षकातच एक रूपक आहे आणि ते तपासून पाहण्यासारखे आहे. पानगळ हा निसर्गाचा क्रम होय. पिकले पान गळते. त्याचे कोणी दुःख करीत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवनात राहणाऱ्या माणसाला तर उन्हाळ्यापूर्वीची पानगळ वर्षानुवर्षे परिचयाची आहे. म्हणून नुसत्या 'पानगळ' या शब्दाने मृत्यूला ऋतूचा भाग करून टाकले असते. 'होतेच असे' या समजुतीला बळ मिळाले असते. 'कोवळी' या एका विशेषणाने हा अर्थ उलटा होतो. कोवळे पान आपणहून गळत नाही. ते गळत असेल तर झाडाला, मातीला किंवा हवेला काही झालेले असते. दैव आणि दुर्लक्ष यांतील भेद या विशेषणावर तोललेला आहे.

तथापि या रूपकाला एक मर्यादाही आहे. पानगळ दुरून दिसते. पाहणाऱ्याला रान दिसते, जमिनीवर पडलेली पाने दिसतात. पण पान ज्या फांदीवरून गळले ती फांदी त्यात दिसत नाही. अहवालात मूल मोजले जाते, परंतु आई या मोजणीच्या मागे राहते. अहवालाच्या स्वरूपामुळे हे अपरिहार्य आहे. मृत्यू नाकारला जात असताना पहिले काम तो मोजण्याचे असते. नोंदच नसलेल्या मुलाविषयी शासनाला जाब विचारता येत नाही. या दृष्टीने गडचिरोलीच्या परंपरेत मोजणी ही एक नैतिक कृती ठरते. मात्र केवळ मोजणीवर थांबल्यास आईची ओळख 'मृत बालकाची माता' या रकान्यापुरती उरते, हेही तितकेच खरे आहे.

एक मृत्यू, १८ कारणे

ही उणीव डॉ. अभय बंग यांनी वारंवार सांगितलेल्या एका प्रसंगात भरून निघते. एक आई आणि आजी अत्यवस्थ बाळाला घेऊन त्यांच्या घरी येतात आणि उपचार सुरू होण्यापूर्वीच ते बाळ दगावते. प्रसंग एवढाच आहे. त्यानंतर डॉक्टर त्या मृत्यूची कारणे शोधत मागे जातात. आईचे अर्धपोट राहणे, गरोदरपणातील मलेरिया, वडिलांची दारू, मांत्रिकाकडे गेलेला वेळ, पूर आलेली नदी, त्या नदीवर नसलेला पूल असे दुवे जोडत ही साखळी १८ कारणांपर्यंत पोहोचते.

या कथनाची रचना लक्षणीय आहे. सामान्यतः अशा प्रसंगाचा शेवट एका वाक्यात होतो : आईने वेळेवर आणले नाही. शासकीय टिपणांत आणि शहरी संभाषणांत आईचे अज्ञान हे कारण सर्वांत स्वस्त पडते, कारण त्यासाठी दुसऱ्या कोणालाही काही करावे लागत नाही. १८ कारणांची मांडणी या एका कारणाची मक्तेदारी संपवते. मांत्रिकाकडे जाणे त्या यादीत आहे, ते लपविलेले नाही. पण ते पुलाच्या, मलेरियाच्या आणि उपाशीपणाच्या रांगेत येऊन बसते. वाचकाला त्याचे प्रमाण कळते. आईने केलेल्या गोष्टी किती आणि तिच्या वाट्याला आलेल्या गोष्टी किती, याचा हिशेब तो स्वतःच करू लागतो.

या कथनातून निघालेला निष्कर्ष कृतीकडे नेणारा आहे. सर्व १८ कारणे दूर होण्याची वाट पाहिली तर अनेक पिढ्या जातील. साखळीचा जो दुवा सर्वांत आधी तोडता येईल तो तोडावा आणि उपचारच घरापर्यंत न्यावा, असा तो विचार आहे. गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगामागे हेच सूत्र होते. १९९५-९६ या वर्षी ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी सुमारे ५४ टक्के बालकांना वैद्यकीय सेवेची गरज होती. डॉक्टरांपर्यंत पोहोचली केवळ २.६ टक्के आणि रुग्णालयात दाखल झाली ०.४ टक्के. ४० बालके पहिल्या २८ दिवसांतच दगावली. त्यानंतर गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी, म्हणजे 'आरोग्यदूतां'नी, बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास गुदमरल्यास मदत करणे, स्तनपानाला साहाय्य करणे आणि जंतुदोष ओळखून औषध व इंजेक्शन देणे ही कामे केली. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आकड्यांमागचा वाङ्मयीन अर्थ असा की, कथेतील आई अज्ञानी असती तर आरोग्यदूतही अज्ञानीच ठरली असती. दोघी एकाच गावच्या, एकाच समाजातल्या, बहुधा सारख्याच शिक्षणाच्या. एकीला साधने व प्रशिक्षण मिळाले आणि मुले वाचली. त्यामुळे 'आईचे अज्ञान' या कारणाचे खंडन या प्रयोगाने वादाने नव्हे, तर पुराव्याने केले.

'कानोसा' : ऐकण्याचे अंतर

डॉ. राणी बंग यांच्या लेखनाची दिशा निराळी आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि पूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढाच अर्थ घेतला जात होता. स्त्री आई होण्याआधीही आजारी असते, आई झाल्यावरही असते आणि मूल होत नसेल तेव्हाही असते, ही साधी गोष्ट या अभ्यासाने वैद्यकविश्वापुढे ठेवली.

'कानोसा' हे पुस्तक याच अनुभवाच्या मुळाशी जाते. पाळी, अंगावरून जाणे, गर्भधारणा, बाळंतपण यांविषयी खेड्यातल्या स्त्रिया स्वतः काय समजतात, त्याला कोणते शब्द वापरतात, कशाला आजार मानतात आणि कशाला नशीब, याची नोंद त्यात आहे. ग्रामीण समाजातील स्त्रिया व आरोग्य या विषयावरील त्यांचे इंग्रजी लेखन २०१० मध्ये 'पुटिंग विमेन फर्स्ट' या नावाने प्रसिद्ध झाले. स्त्रीला आधी ठेवणे हा त्या शीर्षकाचा रोख मराठी लेखनातही आहे.

'कानोसा घेणे' हा वाक्प्रचार येथे फार नेमका आहे. माणूस कानोसा घेतो तो दाराबाहेर थांबून, श्वास रोखून. आत काय चालले आहे ते त्याला पूर्णपणे ठाऊक नसते आणि ते ठाऊक असल्याचा त्याचा दावाही नसतो. प्रश्नावली घेऊन घरात शिरणारा सर्वेक्षक आणि कानोसा घेणारी व्यक्ती यांत हाच फरक आहे. डॉक्टर असूनही लेखिकेने स्वतःकडे घेतलेली ही बाहेरची जागा म्हणजे या लेखनाची मोठी शिस्त होय. स्त्रियांचे शब्द चुकीचे ठरवून लगेच वैद्यकीय संज्ञा पुढे करण्याऐवजी त्या शब्दांमागचा विचार समजून घेण्याचा धीर तिच्यापाशी आहे.

अर्थात कानोसा घेणाऱ्याला सर्व काही ऐकू येत नाही. बोलीतले शब्द प्रमाण मराठीत येताना, आणि गोंडी वा माडिया भाषेतले मराठीत येताना, काही ना काही दाराआडच राहते. या मर्यादेचा विचार पुढे केला आहे.

'गोईण' : जाणकार आई

गडचिरोलीकडील बोलीत 'गोईण' म्हणजे मैत्रीण. त्या नावाच्या पुस्तकात डॉ. राणी बंग यांनी झाडांविषयी स्त्रियांनी सांगितलेले ज्ञान, आठवणी आणि नाती एकत्र केली आहेत. मोह, तेंदू, चार, हिरडा, बेहडा यांच्या या प्रदेशात झाड हे अन्न आहे, औषध आहे आणि सुखदुःखाचे सोबतीही आहे. आरोग्याचा थेट उल्लेख नसलेल्या पानांतही आईपणाचा संदर्भ येतो, कारण बाळंतिणीला काय द्यावे, तान्ह्या मुलाला काय उगाळून चाटवावे, उपासमारीच्या दिवसांत कोणत्या पाल्यावर घर चालवावे, हे ज्ञान या भागात बायकांपाशी असते आणि आजीकडून नातीकडे जाते.

येथे एक दूरचा दाखला उपयुक्त ठरेल. पश्चिम केनियातील व्हिक्टोरिया सरोवराकाठी राहणाऱ्या लुओ समाजात लहान मुलांच्या आजारांवर वनस्पतींची औषधे करण्याचे ज्ञान मुख्यतः आया व आजींकडे असते. वेन्झेल गाइसलर आणि रूथ प्रिन्स या अभ्यासकांनी त्याविषयी लिहिताना असे दाखविले आहे की, हे औषध केवळ रोगावर दिले जात नाही. ते देणारी आजी, ते घेणारे मूल आणि ज्या जमिनीतून ते उगवले ती जमीन यांचे नाते त्यातून घडते. 'गोईण'मधील झाडेही अशीच नात्याने बांधलेली आहेत. हजारो मैल दूर असलेल्या दोन समाजांत आईचे ज्ञान झाडाच्या मार्गानेच चालत यावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दवाखाना लांब आणि रान जवळ असेल तेथे असेच घडते.

याउलट, नॅन्सी शेपर-ह्यूजेस यांच्या 'डेथ विदाउट वीपिंग' (१९९२) या ग्रंथात ईशान्य ब्राझीलमधील गरीब वस्तीचे चित्र आहे. मुले इतकी मरतात की अशक्त बाळात जीव न गुंतवण्याची सवय आयांना लागते, असे त्यांचे विवादास्पद प्रतिपादन आहे. गडचिरोलीच्या लेखनात ही शक्यता जवळजवळ येत नाही. तेथील आई पुराच्या नदीपलीकडून बाळाला घेऊन येते. ही निवड लेखकांच्या अनुभवातून आलेली असेल. तिच्यात श्रद्धेचा अंशही असू शकतो. शोक न करणाऱ्या, थकून गप्प झालेल्या आईलाही या लेखनात जागा मिळती तर त्याची व्याप्ती वाढली असती, असे म्हणावे लागते. न रडणारी आई कठोर असते असे नाही; रडण्याइतकी सवड आणि ताकदही तिच्यापाशी उरलेली नसते.

रूढींचा प्रश्न

आईला जाणकार मानले की रूढींचे काय करावे, असा पेच उभा राहतो. पहिले चिकाचे दूध पिळून टाकणे, जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालणे, गरोदरपणी जेवण कमी करणे या प्रथांनी बाळाची हानी होते, याबद्दल शंका नाही. माडिया समाजातील 'कुर्मा', म्हणजे पाळीच्या काळात स्त्रीने गावाकडेच्या वेगळ्या झोपडीत राहणे, ही प्रथाही अशीच आहे. त्या झोपडीत तिला कामातून विसावा मिळतो हे खरे. पण थंडी, पाऊस, साप आणि एकटेपणा हेही तिथेच असतात.

गडचिरोलीच्या लेखनदृष्टीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यामुळे रूढीकडे उत्तर म्हणून पाहता येते आणि मग ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते हे शोधता येते. गरोदरपणी कमी खावे म्हणजे बाळ लहान राहील आणि बाई सहज मोकळी होईल, या समजुतीमागे एक कठोर हिशेब आहे. जिथे अडलेल्या बाळंतपणासाठी शस्त्रक्रिया मिळत नाही तिथे मोठे बाळ म्हणजे आईचा मृत्यू. आईचा जीव वाचवण्यासाठी बाळाचे वजन पणाला लावले जाते. ही समजूत उपदेशाने जाणार नाही. वेळेवर शस्त्रक्रिया होईल असा भरवसा आला तरच ती जाईल. अंधश्रद्धा हा शब्द येथे अपुरा पडतो, कारण त्यात श्रद्धेपेक्षा भीती अधिक आहे आणि ती भीती निराधार नाही.

मात्र या दृष्टीचा अतिरेकही टाळला पाहिजे. प्रत्येक रूढीत शहाणपण शोधण्याचा हट्ट धरला तर दगावणारे मूल पुन्हा दृष्टीआड होते. येथेच ऐकण्याला मोजण्याची जोड लागते. आईचे म्हणणे ऐकणारी आरोग्यदूत बाळाला वजनकाट्यावर ठेवते आणि काटा काय सांगतो ते आईला दाखवते. दोघींच्या मधोमध तो काटा असतो. या लेखनाची खरी ताकद या समतोलात आहे.

मर्यादा

या लेखनाच्या दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली निवेदनाची. प्रसंग सांगणारा बहुधा डॉक्टर असतो. त्याला पडलेले प्रश्न, त्याची अस्वस्थता आणि त्याचा शोध यांभोवती कथन फिरते. त्यामुळे ते प्रामाणिक होते, वाचनीय होते. परंतु ज्या आईचे मूल गेले ती कथनाच्या आरंभी येते आणि शोध सुरू होताच मागे पडते. आरोग्यदूत स्त्रियांचेही असेच होते. त्यांच्या हातांनी मुले वाचली, पण पहिल्यांदा निळे पडलेले बाळ हातात घेताना त्यांना काय वाटले, हे त्यांच्याच लेखणीतून आले असते तर मराठीला एक निराळे आत्मकथन लाभले असते. 'जिणं आमुचं'चे सामर्थ्य नेमके येथे आहे. तिथे सोसणारी आणि सांगणारी एकच आहे.

दुसरी मर्यादा पद्धतीच्या प्रवासाची आहे. 'अंकुर' या प्रकल्पाद्वारे २००१ नंतर महाराष्ट्रात सात ठिकाणी या पद्धतीची पुन्हा चाचणी झाली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ पासून भारतात आशा कार्यकर्तींमार्फत हा कार्यक्रम राबविला जाऊ लागला. संस्थेत बाळंतपण झाल्यास सहा आणि घरी झाल्यास सात भेटी ठरल्या. प्रवासात मोजण्याचा भाग टिकला : तारखा, वजन, तापमान, तक्ता. ऐकण्याचा भाग तक्त्यात बसत नाही. ४२ व्या दिवसापर्यंतच्या भेटी वेळेवर नोंदवल्या गेल्या तरी त्या भेटींत बाळंतीण काय बोलली, याला रकाना नाही. हा दोष मूळ लेखनाचा नव्हे. पण त्या लेखनातील 'कानोसा' विसरला गेला तर त्याची पद्धत अर्धीच राहते, हे यावरून स्पष्ट होते.

कोरपना परिसरातून वाचताना

गडचिरोलीचे हे लेखन कोरपना तालुक्यात वाचताना काही फरक लगेच जाणवतात. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला तेलंगणाची सीमा आणि दक्षिणेकडे माणिकगडचे डोंगर अशा या पट्ट्यात भाताऐवजी कापसाचे वर्चस्व आहे. गडचिरोलीत गरोदर बाई रोवणीच्या चिखलात कमरेत वाकलेली असते. इकडे ती निंदणात आणि पुढे कापसाच्या वेचणीत असते. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. दवाखान्यात जाण्याचा एक दिवस म्हणजे तितक्या किलोंची रोजी बुडाली, हा हिशेब १८ कारणांच्या यादीत येथे नव्याने जोडावा लागेल. नदीच्या पुराइतकाच तो वाट अडवणारा आहे.

दुसरा फरक भाषेचा. १९५६ पूर्वी राजुऱ्याचा हा परिसर हैदराबाद राज्यात होता. मराठी, गोंडी, तेलुगू आणि कोलामी या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात. माणिकगडच्या डोंगरात पाड्यांवर राहणारा कोलाम समाज हा माडिया गोंड व कातकरी यांच्याप्रमाणे महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे. कोलामी बोलणाऱ्या बाळंतिणीला प्रश्न मराठीतून विचारला आणि उत्तर तिच्या नवऱ्याने वा दिराने दिले, तर तक्ता भरतो. कानोसा मात्र घेतला जात नाही. आशा कार्यकर्ती त्याच गावची असावी, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा आहे. गडचिरोलीच्या ऐकण्याचा जो अंश शासकीय योजनेत उरला आहे, तो या नियमात आहे.

तिसरा मुद्दा अंतराचा. याच तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, नांदा या भागांत चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. पूल आहेत, रस्ते आहेत, वाहनांची वर्दळ आहे. पूल झाला म्हणजे साखळी तुटली, असा समज येथे गळून पडतो. उपचारापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये कमी झाले तरी मजुरी, भाषा, घरातील स्त्रीचे स्थान आणि दारू यांचे अंतर उरतेच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये ती लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या निर्णयांविषयी मतभेद असू शकतात. परंतु वडिलांची दारू हे बाळाच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदवणाऱ्या लेखनाचा विचार केल्याशिवाय ती चर्चा पूर्ण होत नाही.

काळही बदलला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत झाली आणि अर्भकमृत्युदर दर हजारी सुमारे २३ होता. त्यांपैकी १६ ते १७ मृत्यू, म्हणजे १० पैकी ७, पहिल्या २८ दिवसांतले होते. बाळाचा जन्म आता दवाखान्यात होतो. पण दोन-तीन दिवसांत आई व बाळ घरी परततात आणि त्या २८ दिवसांपैकी बहुतेक दिवस पुन्हा त्याच बाजेवर जातात. त्यामुळे घरातल्या आईकडे पाहण्याची गडचिरोलीची दृष्टी कालबाह्य झालेली नाही.

समारोप

'पानगळ', 'कानोसा' आणि 'गोईण' ही तीन शीर्षके एकत्र ठेवली तर आईपर्यंत जाण्याच्या तीन पायऱ्या दिसतात. पानगळ दुरून पाहिली जाते. कानोसा दाराशी थांबून घेतला जातो. गोईण आत, चुलीजवळ बसते. गडचिरोलीच्या आरोग्यलेखनाने मराठी गद्याला या पायऱ्या चढायला लावले, हे त्याचे वाङ्मयीन योगदान होय. आईला मृत्यूचे कारण मानणारे वाक्य त्याने मोडले आणि तिला साक्षीदार केले. 'गोईण'मध्ये तर जाणकारही केले. तिला निवेदक करण्याचे काम मात्र अपुरे राहिले. ते डॉक्टरांनी करण्याचे नाहीच. कोरपन्याच्या कापूसपट्टीतील किंवा माणिकगडच्या पाड्यावरील एखादी आशा कार्यकर्ती, एखादी सुईण, मूल गमावलेली एखादी आई जेव्हा स्वतःच्या बोलीत हे सांगू लागेल, तेव्हा ही अठ्ठावीस दिवसांची कथा बाजेवर बसलेल्या बाईच्या तोंडून मराठीत येईल. तोवर मोजणाऱ्यांनी ऐकणे आणि ऐकणाऱ्यांनी मोजणे सोडता कामा नये.